फुकट आवृत्ती नेमकी कुठे संपते?

टीमसाठी एखादं टूल निवडायचं काम माझ्याकडे आलं, की मी 'ओपन सोर्स' (कोड सगळ्यांना वाचायला, वापरायला, बदलायला मोकळा) या बिरुदाकडे फारसं बघत नाही. आधी रेपॉझिटरीतली, म्हणजे कोड ठेवलेल्या साठ्यातली, लायसन्सची फाइल उघडतो, मग दरपत्रकाचं पान. दोन्ही शेजारी ठेवली की कंपनीने रेघ कुठे मारली आहे ते दिसतं.

टीमचा कोड सांभाळणारं गिटलॅब घ्या. सगळा कोड एकाच रेपॉझिटरीत उघडा आहे, पण त्यातल्या 'ईई' (एंटरप्राइज एडिशन) फोल्डरला कंपनीचं स्वतःचं व्यावसायिक लायसन्स आहे आणि उरलेला बराचसा कोड एमआयटी या अगदी मोकळ्या लायसन्सखाली. कोड वाचता येतो म्हणजे वापरताही येतो, असं नवीन मंडळी धरून चालतात. तसं नसतं. या प्रकाराला 'ओपन कोअर' म्हणतात. त्यात साधारणपणे एकट्या प्रोग्रामरला लागेल ते फुकट आणि मॅनेजर-ऑडिटरला लागेल ते विकत, अशी वाटणी असते. सिंगल साइन-ऑन, म्हणजे कंपनीच्या एकाच लॉगिनने सगळीकडे शिरायची सोय, कित्येकदा महागड्या प्लॅनमध्येच सापडतं. मला हे खटकतं, कारण सुरक्षितता ही काही चैन नव्हे.

व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड एडिटरची तऱ्हा निराळी. सोर्स एमआयटीचा, पण मायक्रोसॉफ्टकडून डाउनलोड होणाऱ्या तयार प्रोग्रामला वेगळ्या अटी. त्या नको असलेल्यांनी त्याच सोर्समधून व्हीएस-कोडियम बांधलं.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एकच कोड दोन लायसन्सखाली मिळतो: जीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स किंवा व्यावसायिक. जीपीएलखालचा कोड आपल्या उत्पादनात जोडून वाटायचा, तर आपलाही कोड जीपीएलखाली उघडा करावा लागतो. ते परवडत नसेल त्याने व्यावसायिक लायसन्स विकत घ्यायचं. कंपनीला हे जमतं, कारण कोडचे हक्क तिच्याकडे असतात. म्हणूनच अशा प्रकल्पाला पॅच (कोडमधली आपली दुरुस्ती) पाठवताना जो करार समोर येतो, तो नीट वाचा. तुमचा कोड पुढे कोणत्याही लायसन्सखाली देण्याची मुभा बहुधा त्यातच असते.

ती मुभा वापरली जाते. टेराफॉर्म हे सर्व्हर-क्लाउडची मांडणी कोडमधून करणारं टूल बनवणाऱ्या हाशीकॉर्पने ऑगस्ट 2023 मध्ये एमपीएल हे ओपन सोर्स लायसन्स सोडून बिझनेस सोर्स लायसन्स घेतलं: कोड वाचा, चालवा, पण आमच्याशी स्पर्धा करणारी सेवा विकू नका. प्रत्येक आवृत्ती चार वर्षांनी पुन्हा एमपीएलखाली येते. तेवढं थांबायची तयारी नसलेल्यांनी ओपनटोफू हा फोर्क, म्हणजे जुन्या मोकळ्या कोडवरून वेगळा चालवलेला प्रकल्प, काढला. अशा बदलांमागे बहुतेकदा क्लाउड कंपन्यांची धास्ती असते: कोड आम्ही लिहायचा आणि सेवा विकून पैसे त्यांनी कमवायचे.

असा बदल आधीच्या आवृत्त्यांना मात्र लागू होत नाही, म्हणून मी नोंदवहीत नावापुढे आवृत्तीचा आकडा आणि लायसन्स दोन्ही लिहितो. नुसतं 'रेडिस' (हा एक डेटाबेस) लिहून भागत नाही. 7.2 पर्यंत बीएसडी हे मोकळं लायसन्स, 7.4 ला ओपन सोर्स न मानली जाणारी दोन लायसन्सं, आणि 2025 मध्ये आलेल्या 8 पासून एजीपीएल या जीपीएलच्या भावंडाचाही पर्याय.