नाताळचा गोठा: नाचणी भिजवण्यापासून तीन राजांपर्यंत

घरचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, फसतो तो बहुतेक वेळा घाईमुळे. २३ डिसेंबरच्या रात्री माळ्यावरून खोका उतरवायचा, सगळ्या मूर्ती एका दमात मांडायच्या, लाइटची माळ सोडायची आणि बाळ येशूलाही दोन दिवस आधीच गव्हाणीत निजवून मोकळे व्हायचे. मग चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा (उपासना) आटोपून घरी आल्यावर करायला काही उरतच नाही. गोठा थोडा थोडा वाढवत नेला की आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळातले, चारही रविवार त्याला जोडले जातात, मुलांना रोज एक काम मिळते आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायला कुणाच्या मागे लागावे लागत नाही.

आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या दिवशी फक्त जागा ठरवा. तीन फूट बाय दोन फूट टेबल पुरते. फ्लॅटमध्ये शोकेसचा खालचा कप्पाही चालतो, मात्र वरची फळी दीड फुटापेक्षा खाली नको. खिडकी जवळ असेल तर उत्तम, हिरवळीसाठी पेरलेल्या नाचणीला उजेड मिळतो. पंख्याखालची जागा टाळा, पेंढा घरभर उडतो. आणि मूर्ती आत्ताच मोजून घ्या. मेंढपाळाचा हात तुटलेला आहे हे २४ तारखेला कळून काही उपयोग नाही.

जमीन आणि झोपडी

आधी जमीन, मग घर. पॅकिंगचा जाड तपकिरी कागद चुरगाळून पुन्हा सैलसर उघडा, म्हणजे खडकासारख्या घड्या पडतात. खाली वीट, डबे, जुनी वह्या-पुस्तके रचून मागच्या बाजूला उंची द्या आणि पुढे उतार ठेवा. कागद चिकटवायला मैद्याची खळ पुरते: दोन चमचे मैदा एक कप गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचा. खळीला झुरळे लागू नयेत म्हणून पूर्वी मोरचूद घालत. तो विषारी असतो, लहान मुले असलेल्या घरात नकोच. गेरू पाण्यात पातळ कालवून ब्रशने कडांवर मारला की डोंगर उठून दिसतो. सगळीकडे सारखा रंग फासला तर तो कागदच वाटतो.

ओला कागद जड होऊन मधोमध बसतो. म्हणून रंग दोन हातांत द्या आणि पहिला हात रात्रभर वाळू द्या.

झोपडीचे माप मूर्तींवरून काढायचे. उभ्या योसेफाची उंची मोजा. दाराचे तोंड त्याच्या दीडपट, छपराचा कणा दुपटीहून किंचित जास्त. मूर्ती सहा इंचांची असेल तर तोंड नऊ इंच आणि कणा तेरा इंचांच्या आसपास. बाजारात मिळणारे तयार लाकडी गोठे या हिशेबात नेहमी बुटके पडतात आणि योसेफ वाकून आत शिरल्यासारखा दिसतो. बांबूच्या चार काठ्या, आडव्या पट्ट्या, सुतळीची बांधणी, मागे कुडाची भिंत. कुडाला माती लिंपायची असेल तर चाळलेल्या मातीत बारीक चिरलेला पेंढा मिसळा, नाहीतर वाळल्यावर भेगा पडतात. बेथलेहेमचे घर असेच असायला हवे असा काही नियम नाही. कौलारू, पुढे ओटी, कोपऱ्यात रहाट, असा आपल्या वाडीतल्या घरासारखा गोठा करायला काहीच हरकत नाही, आणि आमच्या मते तोच अधिक शोभतो. परातभर कापसाचा बर्फ मात्र कशासाठी, हे कोडेच आहे.

छपरासाठी भाताचा पेंढा दोन दिवस उन्हात वाळवून झटकून घ्या. मुठीएवढ्या पेंड्या करून खालच्या कडेपासून वर बांधत जा, म्हणजे वरची पेंडी खालचीवर चढते. वरून सुरुवात केली की बांधलेल्या सुतळ्या उघड्या दिसतात.

तळे हवे असेल तर आरसा ठेवा आणि त्याच्या कडा वाळूने झाका. खरे पाणी ठेवू नका. दोन दिवसांत खालचा कागद भिजतो आणि वास येतो.

हिरवळ

गोठ्याचे सगळे वेळापत्रक ठरते ते या छोट्या ताटलीवर. नाचणीला दोन-अडीच इंच वाढायला बारा दिवस लागतात, म्हणून ती ११ डिसेंबरच्या रात्री भिजत घालायची आणि १२ तारखेला सकाळी पेरायची. गहू झपाट्याने वाढतो, त्याला आठ दिवस पुरतात. १६ तारखेला पेरला तरी चालतो, आणि उंच झालाच तर कात्रीने छाटता येतो. मेथी १७-१८ तारखेला. भात पेरायचा असेल तर एक दिवस भिजवून, मग ओल्या फडक्यात बांधून मोड आणा आणि मगच ताटलीत टाका. तिन्ही-चारी धान्ये वेगवेगळ्या ताटल्यांत घ्यावीत. नाचणीचे बारीक मऊ गवत झोपडीजवळ, गहू मागे शेतासारखा, मेथी वाटेच्या कडेला झुडपांसारखी.

दाणे किराणा दुकानातलेच आणा. बियाण्याच्या दुकानातल्या गुलाबी-लाल रंग चढवलेल्या बियांना औषध लावलेले असते, त्याला मुलांचे हात लागू नयेत. जुनी नाचणी उगवत नाही, म्हणून ८ तारखेलाच वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. दोन-तीन दिवसांत चौदा-पंधरांना मोड आले तर ठीक. त्याहून कमी आले तर दुसरीकडून आणा.

दहा इंची पसरट ताटलीत इंचभर माती घ्या: दोन भाग चाळलेली माती, एक भाग शेणखत किंवा नारळाचा भुसा. दोन मोठे चमचे भिजवलेली नाचणी दाट पसरा. दाणा दाण्याला टेकलेला दिसला पाहिजे, विरळ पेरणीत मधली माती उघडी राहते. वर मातीचा अगदी पातळ थर, हाताने पाण्याचा शिडकावा आणि ओले फडके. पाणी ओतू नका, बारीक दाणे वाहून एका कडेला गोळा होतात. मोड दिसले की, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी, फडके काढून ताटली उजेडात ठेवा. इथेच बहुतेकांचे चुकते. फडके आणखी दोन दिवस राहिले तर पाती पिवळी आणि लांबट होऊन आडवी पडतात, आणि नंतर कितीही ऊन दाखवले तरी उभी राहत नाहीत. मातीवर पांढरी बुरशी आली तर पाणी जास्त झाले आहे असे समजा. एक दिवस पाणी बंद करून वाऱ्याला ठेवा. मुंग्या नाचणीचे दाणे रातोरात पळवतात, म्हणून ताटली पाणी घातलेल्या परातीत वाटीवर ठेवा. गव्हावर उंदरांचा डोळा असतो, तो रात्री जाळीखाली.

ताटली २३ तारखेपर्यंत खिडकीतच असू द्या. शेवटच्या दिवशी ती गोठ्यात ठेवून कड वाळूने झाकायची.

मूर्ती कोणत्या क्रमाने

संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी नाताळच्या रात्री जो देखावा उभा केला, त्यात गवताने भरलेली गव्हाणी, खरा बैल आणि खरे गाढव एवढेच होते. घरीही तोच क्रम धरा. १६ डिसेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, त्या संध्याकाळी झोपडीत रिकामी गव्हाणी, बैल आणि गाढव ठेवा. बायबलच्या शुभवर्तमानांतल्या (येशूच्या चरित्रांतल्या) जन्मकथेत ही दोन जनावरे नाहीत. ती यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनातून आली, हे मुलांना तेव्हाच वाचून दाखवता येते.

मरिया आणि योसेफ टेबलाच्या दूरच्या कोपऱ्यातून निघतात. रोज प्रार्थनेनंतर एका मुलाने त्यांना तीन-चार इंच पुढे सरकवायचे. मेंढपाळ आणि मेंढ्या डोंगरावर, झोपडीकडे पाठ करून. तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर किंवा फ्रीजवर, पूर्वेकडे जमले तर उत्तमच. ते २५ तारखेला निघतात. मत्तय आपल्या शुभवर्तमानात या मागी लोकांची, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांची, संख्या सांगत नाही. सोने, ऊद आणि गंधरस ही भेट तीन प्रकारची म्हणून राजे तीन झाले.

बाळ येशूची मूर्ती वेगळ्या डबीत, कापसात, घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे. हरवण्याची वेळ येते ती नेमकी हीच मूर्ती, कारण ती सगळ्यांत लहान असते आणि सगळ्यांत शेवटी लागते. देवळात आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारी फादरांना विचारून ती आशीर्वादित करून घेता येते. घरच्या गोठ्याला आई किंवा वडीलही आशीर्वाद देऊ शकतात, त्यासाठी फादरच घरी यायला हवेत असे नाही.

गव्हाणीतला पेंढा मात्र विकतचा नको. तीन इंचांचे तुकडे कापून एका वाटीत ठेवा. दिवसभरात कुणासाठी काही चांगले केले तर ज्याने त्याने गुपचूप एक काडी गव्हाणीत टाकायची. काय केले ते सांगायचे नाही आणि काड्या मोजायच्या नाहीत. मोजायला सुरुवात झाली की भावंडांत भांडण ठरलेले, आणि मोठ्यांनी ‘आज तुझी काडी कुठे?’ असे विचारले की मुले मूठभर पेंढा एकदम कोंबून मोकळी होतात. मोठ्यांनीही टाकायची असते, हे विसरू नका.

नऊ संध्याकाळी

प्रार्थना दहा-बारा मिनिटांची ठेवा. पाऊण तासाची ठरवली तर तिसऱ्या दिवशी मोडते. जेवणाआधीची वेळ बरी. जेवणानंतर लहान मुले पेंगतात. क्रुसाची खूण, एक गीत, एक वाचन, जपमाळेचा एक दशक, घरच्यांच्या विनंत्या, मग मूर्ती सरकवणे. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

वाचने अशी लावता येतात: पहिल्या दिवशी यशयाचा नववा अध्याय, २ ते ७ वचने, दुसऱ्या दिवशी मीखा ५:२, तिसऱ्या दिवशी यशया ११:१-१०. मग लूकच्या पहिल्या अध्यायातून जखऱ्याला झालेले दर्शन (५-२५), गाब्रिएलचा निरोप (२६-३८) आणि मरिया-अलिशिबेची भेट (३९-५६). सातव्या दिवशी मत्तय १:१८-२५, आठव्या दिवशी पुन्हा लूक १:५७-८०, आणि २४ तारखेला लूक २:१-७. शेवटचे वाचन घरातल्या सगळ्यांत लहान वाचत्या मुलाकडे द्या आणि दोन दिवस आधी सराव करून घ्या. ‘उतारशाळा’ या शब्दावर हमखास अडखळायला होते, आणि ‘बाळंते’ म्हणजे काय ते आजीने सांगावे.

मिस्सेहून परतल्यावर दिवे मालवून फक्त गोठ्याची माळ चालू ठेवा. लहान मूल मूर्ती हातांत घेऊन घराच्या दारापासून चालत येते, बाकीचे गातात, आणि आजी किंवा आजोबा तिला गव्हाणीत ठेवतात. मग मेंढपाळांची तोंडे झोपडीकडे वळवायची. एवढा वेळ त्यांनी पाठ का केली होती, ते मुलांना आता कळते.

वर्षभरात घरात कुणाचा मृत्यू झाला असेल तर बरीच कुटुंबे त्या नाताळला सजावट करत नाहीत. गोठा पूर्ण टाळण्यापेक्षा रोषणाई आणि नाताळचा तारा वगळून नुसती झोपडी आणि गव्हाणी मांडावी, असे आम्ही सुचवू. नऊ दिवसांची प्रार्थना त्या घराला इतर कोणत्याही वर्षापेक्षा जास्त लागते.

दिवे

पेंढा, कागद आणि वीज एकत्र आहेत, हे सतत लक्षात असू द्या. जुन्या छोट्या बल्बच्या माळा तापतात. एलईडी घ्या, तीही अडॅप्टरवर चालणारी. वायर पेंढ्यातून न नेता बांबूच्या मागून न्या, जोड उघडा ठेवू नका, आणि झोपताना स्विच बोर्डावरून बंद करा. मेणबत्ती गोठ्यात कधीच नाही. आगमनकाळाच्या चक्रातल्या (दर रविवारी एकेक पेटवायच्या) चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, गोठ्यापासून निदान दोन फूट दूर, खाली ताटली ठेवून. थर्माकोल पेटला की वितळून ठिबकतो. शिवाय महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे. कापूस माळेच्या जवळ नको, याचे कारण वेगळे सांगायला नको.

उतरवताना

तीन राजे ६ जानेवारीला, किंवा तुमच्या धर्मग्रामात (तुमच्या चर्चमध्ये) तीन राजांचा सण ज्या रविवारी साजरा होतो त्या दिवशी, झोपडीत पोचतात. २६ तारखेलाच गोठा आवरला तर ते फ्रीजवरच राहतात. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर गोठा उतरवा. काही घरे २ फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. नाचणीच्या ताटल्या तोवर तग धरत नाहीत. त्या जानेवारीच्या सुरुवातीलाच कुंडीत किंवा परसात मोकळ्या करा आणि जागी वाळू पसरा. पेंढा गाईगुरांना नको, त्याला रंग आणि खळ लागलेली असते, झाडाखाली टाका.

प्लास्टरच्या मूर्तींना वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून जुन्या सुती साडीचे तुकडे वापरा. पावसाळ्यात प्लास्टर ओल धरते आणि रंगाचे पोपडे सुटतात. खोका जमिनीवर न ठेवता वरच्या फळीवर ठेवा, आत वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. तुटलेला कान किंवा बोट फेविकॉलमध्ये प्लास्टरची पूड कालवून बसवता येते. आशीर्वाद दिलेली मूर्ती दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर ती कचऱ्यात न टाकता बागेत पुरा.

खोक्याच्या झाकणावर यादी चिकटवा: मेंढपाळ तीन, मेंढ्या सात, उंट एक, पाय चिकटवलेला, उचलताना पोटाखालून धरणे.