शेकडो फोटो एका दमात वेबसाइटच्या मापात आणताना

१२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि जेपेगमध्ये सहज ३ ते ५ एमबी भरतो. पानावर तो ८०० पिक्सेल रुंदीच्या जागेत दिसणार असेल, तर उरलेले पिक्सेल वाचकाचा मोबाइल डाउनलोड करतो आणि ब्राउझर फेकून देतो. असे तीनशे फोटो असतील तर एकेक उघडून लहान करत बसू नका. पण एकदम सगळ्यांवर बटण दाबण्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात: माप आणि मूळ फोटोंची प्रत.

आधी प्रत. मूळ फोल्डर तसाच राहू द्या आणि लहान केलेल्या फायलींसाठी वेगळा फोल्डर करा. जेपेग दर वेळी सेव्ह करताना थोडी माहिती गमावतो, त्यामुळे उद्या वेगळं माप लागलं तर ते मूळ फाइलवरूनच काढायला हवं. १६०० वरून १२०० आणि १२०० वरून ८०० असं उतरत गेलात की बारीक केस, गवत, कापडाची वीण चिखलासारखी दिसायला लागते.

माप कसं ठरवायचं

मजकुराच्या पट्ट्याची सर्वाधिक रुंदी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पानाची मापं आणि कोड दाखवणारी सोय) पाहा. ती ८०० पिक्सेल असेल तर दाट पडद्यांसाठी (तेवढ्याच जागेत जास्त पिक्सेल असलेले) दुप्पट, म्हणजे १६०० घ्या. पूर्ण रुंदीच्या बॅनरला १९२० ते २५६०, यादीतल्या छोट्या चित्रांना ४०० ते ६०० पुरतात. वेबसाठी ‘७२ डीपीआय’ (छपाईत एका इंचात किती ठिपके, तो आकडा) करा, असा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो विसरा. पिक्सेल तेवढेच ठेवून नुसता डीपीआयचा आकडा बदलला, तर फाइल काही हलकी होत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उभ्या फोटोंपाशी. रुंदी १६०० लावली की आडवा फोटो १६०० बाय १२०० होतो, पण उभा १६०० बाय २१३३. पानावर तो एका स्क्रीनमध्ये मावत नाही आणि फाइलही जड. उभे-आडवे मिसळलेले असतील तर रुंदीऐवजी ‘लांब बाजू १६००’ ही अट लावा. उभा फोटो मग १२०० बाय १६०० येतो. वस्तूंच्या यादीसारखी सगळी चित्रं एकाच चौकटीत बसवायची असतील, तर मात्र रुंदी पक्की ठेवा आणि जास्तीचा भाग कापा. दोन्ही बाजूंना आकडे भरून प्रमाण मोकळं सोडलं, तर माणसं बुटकी किंवा ताणलेली दिसतात.

प्रत्यक्ष काम

विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारं एक्सएनकन्व्हर्ट हे सॉफ्टवेअर यासाठी सोयीचं आहे. खासगी वापराला ते मोफत आहे, कंपनीत वापरायचं असेल तर परवाना घ्यावा लागतो. ‘इनपुट’मध्ये फोल्डर ओढून टाका. ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये आधी एक्झिफनुसार (कॅमेऱ्याने फोटोच्या फायलीत लिहिलेली माहिती) फोटो फिरवण्याची क्रिया घ्या. मोबाइल बऱ्याचदा फोटो आडवाच साठवतो आणि ‘हा फिरवून दाखवा’ एवढी नोंद करतो. ती नोंद पुसली गेली की उभे फोटो वेबसाइटवर आडवे पडतात. त्यानंतर रिसाइझ: लांब बाजू, १६००, प्रमाण कायम, ‘फक्त लहान करा’ आणि रिसॅम्पलिंगला (नवे पिक्सेल मोजायची पद्धत) लँझोस. ‘फक्त लहान करा’ विसरलात तर ६०० पिक्सेलचा जुना फोटो फुगून धूसर होईल आणि वर जडही. शार्पन (कडा ठळक) करायचं तर शेवटी आणि अगदी हलकं.

‘आउटपुट’मध्ये नवा फोल्डर निवडा आणि आतल्या फोल्डरांची रचना कायम ठेवा. कॅमेऱ्याचे क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीला येतात, म्हणून वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या फायली असतात. सगळ्या एका ठिकाणी ओतल्या की एक दुसरीला पुसते. फोटोंना जेपेगची क्वालिटी ७५ ते ८२ ठेवा. हा आकडा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखा नसतो, म्हणून डोळ्यांनी तपासा. वेबपी हा वेबसाठीचा चित्रांचा प्रकार बहुतेक वेळा याहून हलकं पडतं आणि आजचे सगळे मुख्य ब्राउझर ते दाखवतात. स्क्रीनशॉट, लोगो, पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रं या रांगेतून बाजूला काढा. जेपेगमध्ये पारदर्शकता नसते, त्यामुळे मागे काळा किंवा पांढरा रंग भरला जातो, शिवाय जेपेगच्या दाबण्याने बारीक अक्षरांभोवती कचरा दिसतो.

मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत साठवलेली माहिती, काढून टाका. मोबाइलच्या फोटोत तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. रंगांचं प्रोफाइल (रंगांचे आकडे कसे वाचायचे ती नोंद) मात्र सरसकट उडवू नका. फोटो अ‍ॅडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी३ मध्ये असेल आणि प्रोफाइल निघून गेलं, तर रंग फिके पडतात. आधी एसआरजीबीत, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, बदला.

फायलींची नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मोकळ्या जागेऐवजी जोडरेघ घालून द्या. तुमच्या विंडोजवर मोठं-लहान अक्षर चालून जातं, लिनक्स सर्व्हरवर त्याच चुकीने चित्र दिसत नाही.

आता दहाच फोटो चालवा, आणि तेही मुद्दाम अवघड: एक उभा, एक पॅनोरमा, एक अंधारातला, एक लाल अक्षरांचा, एक आधीच लहान असलेला. जेपेग रंगाची माहिती बऱ्याचदा अर्ध्या रुंदी-उंचीवर साठवतो, त्याचा फटका लाल अक्षरांच्या कडांना आधी बसतो. १०० टक्के झूमवर पाहा, मोबाइलवरही पाहा, मग पूर्ण फोल्डर सोडा.

वर्डप्रेस असेल तर ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठी चित्रं ते स्वतःच लहान करतं, शिवाय प्रत्येक फोटोच्या अनेक मापांच्या प्रती काढतं. १६०० चा फोटो चढवला तर २०४८ ची प्रत बनतच नाही, सर्व्हरवरची जागा वाचते.

शेवटी नवा फोल्डर वजनानुसार लावा आणि वरच्या दहा फायली उघडून बघा. ५०० केबीच्या वर गेलेली फाइल बहुधा पीएनजीत राहून गेलेला फोटो असते. तेवढीच वेगळी काढून पुन्हा चालवा.