थंडीत ट्रकचं डिझेल गोठू नये म्हणून काय करायचं, आणि गोठलंच तर गाडी कशी सोडवायची

कडाक्याच्या थंडीत सकाळी सेल्फ मारला, सेल्फ मस्त फिरतोय, बॅटरी ठीक आहे, इंजिन चालूही झालं आणि मग दोन-चार मिनिटांत आचके देत बंद पडलं, तर सगळ्यात आधी डिझेलवर संशय घ्यायचा. फिल्टरच्या पुढे लाईनमध्ये जेवढं पातळ डिझेल शिल्लक होतं तेवढ्यावर इंजिन चाललं आणि मागून टाकीतलं येईना म्हणून बंद पडलं, एवढंच झालेलं असतं. दुसरा प्रकार म्हणजे गाडी रस्त्यावर पळत असतानाच पिकअप जातो, चढाला ओढत नाही, ॲक्सिलरेटर खाली दाबला तरी आरपीएम वर जात नाही. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो नेमका अशा ठिकाणी होतो जिथे मदतीला चिटपाखरू नसतं. आणि सेल्फच जड फिरत असेल, कुंथत असेल, तर तो विषय बॅटरीचा किंवा घट्ट झालेल्या इंजिन ऑईलचा, त्यात डिझेलला दोष देऊ नका. मायनस १८ अंश सेल्सिअसच्या आसपास बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते हे लक्षात ठेवा.

आता गोठतं म्हणजे नक्की काय होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे. डिझेलमध्ये पॅराफिन मेण असतंच, ती भेसळ नाही, उलट त्याच्यामुळे सीटेन, म्हणजे डिझेलची पेट घ्यायची क्षमता, चांगला येतो आणि इंजिन नीट पेट घेतं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली जशी आधी गढूळ होते आणि मग आळते तसंच हे मेण आधी बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतं. फरक एवढाच की डिझेल पूर्ण घट्ट व्हायची वाट कोणी बघत बसत नाही, त्याच्या कितीतरी आधी हे कण फिल्टरवर जाऊन बसतात आणि फिल्टर चोक होतो. म्हणजे टाकीतलं डिझेल हलवून बघितलं तर चांगलं पातळ दिसतं आणि तरी गाडी बंद, यात नवल काही नाही.

म्हणून तीन वेगवेगळी तापमानं असतात आणि लोक ती एकमेकांत मिसळतात. पहिलं क्लाऊड पॉइंट, म्हणजे मेणाचे कण दिसायला लागतात ते. दुसरं सीएफपीपी (कोल्ड फिल्टर प्लगिंग पॉइंट), म्हणजे ज्याच्या खाली डिझेल ठराविक जाळीतून वेळेत जात नाही ते. तिसरं पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली डिझेल वाहायचंच थांबतं. कोणी सांगितलं की "आपल्या डिझेलचा पोअर पॉइंट मायनस ३० आहे, काही टेन्शन नाही," तर लगेच मान डोलावू नका, फिल्टर त्याच्या बराच आधी बंद पडू शकतो. विचारायचं ते सीएफपीपी, आणि जमलं तर क्लाऊड पॉइंट. आणि सीएफपीपीमध्ये पण एक गोम आहे जी फार कमी जणांना माहीत असते. ती टेस्ट ४५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) जाळीवर करतात, २० मिली डिझेल ६० सेकंदांच्या आत जाळीतून ओढलं गेलं तर पास. पण आजच्या कॉमन रेल ट्रकचा, म्हणजे फार जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनाच्या ट्रकचा, मेन फिल्टर त्याहून कितीतरी बारीक असतो, बऱ्याचदा १० मायक्रॉनच्याही खाली. त्यामुळे कागदावर मायनस २० लिहिलंय म्हणून मायनस २० पर्यंत बिनधास्त जायचं असं करू नका, मधे काही अंशांची जागा ठेवा.

युरोपातलं डिझेलचं स्टँडर्ड ईएन ५९० यात याचे ग्रेडच पाडलेत. ए ग्रेडचा सीएफपीपी प्लस ५, तिथून पाच-पाच अंशांनी खाली येत एफ ग्रेडचा मायनस २०. त्याच्या पुढे बर्फाळ प्रदेशांसाठी ० ते ४ असे वेगळे क्लास आहेत, क्लास ४ चा सीएफपीपी मायनस ४४ आणि क्लाऊड पॉइंट मायनस ३४. हे सांगायचं कारण असं की डिझेल म्हणजे सगळीकडे एकच माल नाही. उन्हाळ्यात किंवा गरम भागात भरलेलं डिझेल आणि थंड भागातल्या पंपावर हिवाळ्यात मिळणारं डिझेल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, रंगावरून तो कळत नाही.

आणि माझं ठाम मत सांगतो, डिझेल गोठायचं प्रकरण पहाटे फिल्टरपाशी सुरू होत नाही, ते आदल्या दिवशी टाकी भरताना सुरू होतं. आपण भरतो कुठे याला महत्त्व नाही, त्या डिझेलला सगळ्यात थंड रात्र कुठे काढायची आहे याला महत्त्व आहे. खाली सपाटीवर प्लस १५ मध्ये टाकी फुल्ल करून उंच बर्फाळ डोंगरात मायनस १५ मध्ये मुक्काम करणारा ड्रायव्हर स्वतःच्या हाताने अडचण बरोबर घेऊन निघालेला असतो, आणि त्याची चूक पण म्हणता येत नाही कारण त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे गरम भागातून थंड भागात जाताना टाकी हिशोबाने भरा, पोचेपर्यंत ती अर्ध्यावर किंवा खाली येईल असं बघा आणि मग थंड भागातल्या पंपावर तिथलं हिवाळी डिझेल भरून ती फुल्ल करा, मिक्स झालं तरी बराच फरक पडतो. पंपवाल्याला स्पष्ट विचारा की विंटर ग्रेड आहे का, माल कधीचा आहे. बायोडिझेल किती टक्के मिसळलंय तेही विचारा कारण बायोडिझेल साधारणपणे लवकर आळतं, पामतेलाचं तर फारच लवकर.

हिवाळी डिझेल मिळणारच नसेल तर अँटी-जेल ॲडिटिव्ह. हे मेण नाहीसं करत नाही आणि क्लाऊड पॉइंट खाली आणत नाही, फक्त मेणाचे कण बारीक ठेवतं, ते एकमेकांना चिकटून मोठे होऊ देत नाही, म्हणून ते फिल्टरमधून निघून जातात. यावरूनच कळतं की ते कण तयार व्हायच्या आधीच टाकीत असायला हवं. डिझेल क्लाऊड पॉइंटच्या निदान पाच-सहा अंश वर असताना टाका, आधी ॲडिटिव्ह ओता आणि वरून डिझेल भरा म्हणजे आपोआप घुसळलं जातं. बाटली रात्रभर बाहेर थंडीत राहिलेली नको, केबिनमध्ये ठेवा. माप बाटलीवर दिलंय तेवढंच, दुप्पट ओतून दुप्पट फायदा होत नाही. अल्कोहोल असलेले ॲडिटिव्ह बऱ्याच इंजिन कंपन्या नको म्हणतात, गाडीच्या पुस्तकात एकदा बघून घ्या.

रॉकेल मिसळायचं का हा प्रश्न येणारच. जुन्या इंजिनांना लोक मिसळायचे आणि त्याने क्लाऊड पॉइंट खाली येतो हे खरं आहे, पण दोन-तीन अंश खाली आणायला सुद्धा बरंच रॉकेल लागतं. रॉकेलला वंगण कमी, आणि आजचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. त्यात साध्या रॉकेलमध्ये सल्फर जास्त असतो, तो सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टची आणि काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरची वाट लावतो. गाडीच्या पुस्तकात परवानगी नसेल तर नकोच. पेट्रोल तर कुठल्याच गाडीत नको, थोडंसं पण नको, टाकीत पेट्रोलची वाफ तयार झाली की तिचा भडका व्हायला ठिणगी पुरते.

पाण्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि डिझेलच्या नावाने बोंब मारतात. टाकी अर्धी असली की आतल्या हवेतलं पाणी रात्री पत्र्यावर जमतं आणि खाली बसतं, ते शून्याला गोठतं, म्हणजे हिवाळी डिझेलमधल्या मेणाच्या कितीतरी आधी. म्हणून मुक्कामाला टाकी भरलेली चांगली, वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा) ड्रेन कॉक थंडीत रोज संध्याकाळी गाडी गरम असतानाच उघडून पाणी काढा, आणि हिवाळा सुरू व्हायच्या आधी दोन्ही फिल्टर, सेपरेटरचा आणि मेन, नवीन टाका. कचऱ्याने अर्धवट भरलेला जुना फिल्टर थोड्याशा मेणाने सुद्धा बंद होतो. गाडीला फिल्टर हीटर असेल तर तो चालतोय का हे आधीच तपासा, फ्यूज गेलेला असतो आणि पत्ताच नसतो.

पार्किंगचं एक सांगतो. वाऱ्यामुळे डिझेल बाहेरच्या तापमानापेक्षा जास्त थंड होत नाही, पण त्या तापमानाला फार लवकर पोचतं. म्हणून भिंतीच्या किंवा दुसऱ्या गाडीच्या आडोशाला लावा, टाकी आणि फिल्टर ज्या बाजूला आहे ती बाजू वाऱ्याच्या उलट ठेवा. गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर मेण तळाला बसतं आणि सक्शन पाइप पण तळालाच असतो, त्यामुळे निघताना पहिल्याच घोटाला सगळं तेच येतं. रात्रभर इंजिन चालू ठेवणं हा उपाय लोक सर्रास करतात, रिटर्न लाईनचं, म्हणजे इंजिनाकडून न जळता परत येणारं, गरम डिझेल टाकीत येतं म्हणून तो चालतो पण, मात्र नुसत्या आयडलिंगवर इंजिन नीट तापत नाही आणि काजळी धरते. ठेवायचंच असेल तर आरपीएम थोडा वर, हजाराच्या आसपास ठेवा, आणि सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही हे बघितल्याशिवाय केबिनमध्ये झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

एवढं करूनही गोठलं तर पहिली गोष्ट, सेल्फ मारत बसू नका. दहा-पंधरा सेकंद मारला, गाडी धरत नाही, थांबा. नाहीतर डिझेल गोठलेलं राहील बाजूला आणि बॅटरी उतरून बसेल, आणि सुका पंप फिरवून पंपाची पण खराबी. बॉनेट किंवा केबिन उचला आणि वॉटर सेपरेटरची काच किंवा बाऊल बघा, डिझेल पांढरट, गढूळ, घट्टसर दिसलं तर मेण. बाऊल खाली कडक आणि काचेसारखा, वरचं डिझेल स्वच्छ, तर ते पाणी गोठलंय.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गाडी एखाद्या बंदिस्त आणि गरम शेडमध्ये ओढून न्यायची आणि काही तास तशीच ठेवायची, घाई नाही काही नाही, मेण परत विरघळतं. पण रस्त्यावर ते कुठून आणणार, तर मग फिल्टर बदला. म्हणूनच म्हणतो की थंडीत दोन्ही फिल्टरचा एक एक जादा सेट, फिल्टरचा पाना, डी-जेलची बाटली, टॉर्च आणि हातमोजे केबिनमध्ये पाहिजेतच, आणि ते थंड नको, गरम जागी ठेवलेले हवेत. डी-जेल म्हणजे अँटी-जेल नाही बरं का, अँटी-जेल आधी टाकायचं, डी-जेल गोठल्यावर विरघळवायला, बाटलीवरचं नीट वाचा. डी-जेल बाटलीवरच्या मापाने टाकीत टाका. नवीन फिल्टर लावायच्या आधी त्यात डिझेल भरायची परवानगी पुस्तकात असेल तर फिल्टरच्या बाहेरच्या बारीक भोकांतून भरा, मधल्या भोकातून नको, तिथून गेलेला कचरा थेट इंजेक्टरकडे जातो. परवानगी नसेल तर कोरडा लावा आणि हँड प्रायमरने, म्हणजे डिझेल चढवायच्या हातपंपाने, भरा.

जादा फिल्टर नसेल तर आहे तोच तापवा. कापड गुंडाळून त्यावर गरम पाणी हळूहळू ओता, वीज मिळाली तर हेअर ड्रायर किंवा हॉट एअर गन लांबून. प्लॅस्टिकच्या बाऊलवर उकळतं पाणी टाकू नका, तडकतो. वायरिंगचे कनेक्टर वाचवा आणि नंतर पाणी पुसून घ्या, नाहीतर तेच पाणी गोठून बसतं. लाईनचे वाकलेले भाग आणि टाकीतून पाइप बाहेर येतो ती जागा पण अशीच तापवा, तिथे पण मेण अडकतं.

टाकीखाली आग पेटवायची नाही. जाळ, स्टोव्ह, ब्लो लॅम्प, चिंध्यांचा बोळा, काहीच नाही. हे करताना लोक भाजलेत, गाड्या जळून खाक झाल्यात, आणि टाकी वाचली तरी बाजूचे एअर ब्रेकचे पाइप आणि वायरिंग वितळतं, मग चालू झालेली गाडी थांबणार कशी? गाडी चालू करायचा इथर स्प्रे पण मारू नका, इंजिनात थंडीत हवा तापवणारा ग्रिड हीटर किंवा ग्लो प्लग असेल तर स्फोट होऊ शकतो. आणि डिझेल येतच नाहीये तर स्प्रेचा उपयोग तरी काय.

फिल्टर झाला की हँड प्रायमर कडक लागेपर्यंत मारा, एअर पूर्ण काढा, मग सेल्फ, दहा-पंधरा सेकंद मारून दोन मिनिटं विश्रांती. चालू झाली की लगेच गिअर टाकून निघू नका, निदान वीस मिनिटं चालू द्या म्हणजे रिटर्नचं गरम डिझेल टाकीत जाऊन तिथलं मेण सैल होईल. डॅशबोर्डवर डीईएफचा (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या युरियाच्या पाण्याचा) दिवा लागला तर घाबरू नका, डीईएफ मायनस ११ ला गोठतं आणि त्याचा हीटर गाडी चालू झाल्यावर ते वितळवतो, त्यात कुठलंही ॲडिटिव्ह किंवा गरम पाणी टाकायचं नाही.

निघाल्यावर पहिले काही किलोमीटर लोड हळू घ्या आणि पिकअप परत पडतोय का बघा, पडला तर फिल्टरवर पुन्हा मेण बसलंय, चढ लागायच्या आधी सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. वाटेत जो पहिला पंप हिवाळी डिझेल देईल तिथे टाकी अर्धी असली तरी भरून घ्या, सेपरेटरचं पाणी तिथेच काढा, आणि तापवून चालवलेला जुना फिल्टर नवीन मिळाला की लगेच बदला.