कॅन ओपनरने डबा नीट कसा उघडावा

ओपनर डब्याच्या कडेवरून सारखा घसरत असेल, तर हातात जोर नाही असं समजू नका. बहुतेक वेळा चाक चुकीच्या जागी बसलेलं असतं.

आधी डबा बघून घ्या. फुगलेला, गळका किंवा जोडावर चेपलेला असेल तर उघडू नका, सरळ टाकून द्या. चाखून बघण्याचा मोह तर मुळीच नको, कारण बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष वासा-चवीला कळत नाही. डबा चांगला असेल तर झाकण धुऊन पुसा. कापताना वरची धूळ आत पडते.

आता ओपनरची दोन चाकं निरखा. गुळगुळीत, धारदार चाक पत्रा कापतं. चावीला जोडलेलं दातेरी चाक कडेला खालून धरून डबा पुढे सरकवतं. डबा ओट्यावर ठेवा, मुठी उघडा. धारदार चाक उंच कडेच्या आत, झाकणावर टेकवा. दातेरी चाक कडेच्या बाहेर, ओठाखाली यायला हवं. मग मुठी घट्ट आवळा. पत्र्याला भोक पडल्याचा 'टच्' असा आवाज येतो, हाताला हलका हिसका जाणवतो. तो जाणवेपर्यंत चावी फिरवू नका. माझ्या मते सगळं कसब या एका क्षणात आहे.

मुठी न सोडता चावी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सावकाश फिरवा. पूर्ण गोल कापू नका. बोटभर पत्रा शिल्लक ठेवला की झाकण आत बुडत नाही. ते चमच्याच्या टोकाने उचला, बोटाने नको. कापलेली कड पात्यासारखी लागते.

काही ओपनर डब्यावर आडवे बसतात आणि जोड बाजूने कापतात. त्यात कड बोथट राहते, म्हणून लहान मुलं असलेल्या घरात मी तोच घ्यायला सांगेन.

पत्र्याच्या डब्याचं पेटंट पीटर ड्युरंड यांनी १८१० मध्ये घेतलं, पण एझ्रा वॉर्नर यांच्या ओपनरला पेटंट मिळालं १८५८ मध्ये. मधली कित्येक वर्षं लोक छिन्नी-हातोड्याने डबे फोडत. फिरतं चाक १८७० मध्ये विल्यम लायमन यांनी आणलं.

काम झालं की चाकांच्या फटी जुन्या टूथब्रशने, साबणाच्या गरम पाण्याने घासा आणि लगेच कोरड्या करा. दातांत साचलेला चिकट थर पकड घालवतो. घासूनही घसरत असेल तर दात झिजलेत, ओपनर बदला.