व्हँकुव्हरचं चायनाटाउन: नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

व्हँकुव्हरला उतरल्यावर पहिले काही महिने मराठी कुटुंबांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात: कॉस्टको, नाहीतर सरेतली देशी दुकानं. चायनाटाउन स्कायट्रेनच्या खिडकीतून दिसतं आणि राहून जातं. तिथलं चायनीज कल्चरल सेंटर फक्त चिनी लोकांसाठी आहे, असाही समज असतो. तो काढून टाका.

आधी पत्ता, कारण तिथेच गाडी चुकते. सेंटर 50 ईस्ट पेंडर स्ट्रीटवर आहे. कॅरल स्ट्रीटपाशी पेंडरचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन भाग होतात आणि दोन्हीकडचे आकडे तिथूनच सुरू होतात. ‘ईस्ट’ लिहायला विसरलात तर नकाशा तुम्हाला भलत्याच बाजूला नेईल. स्टेडियम-चायनाटाउन स्टेशनवरून चालत सात-आठ मिनिटं लागतात. स्कायट्रेनमध्ये चढताना आणि उतरतानाही कार्ड टॅप करायचं. बसमध्ये फक्त चढताना.

दुसरा घोळ नावांचा. सेंटरचं स्वतःचं छोटं संग्रहालय आणि अभिलेखागार मागच्या बाजूला, 555 कोलंबिया स्ट्रीटवर आहे. सेंटरच्या समोर 51 ईस्ट पेंडरवर विंग सँग इमारत लागते. ती 1889 ची, चायनाटाउनमधली सर्वांत जुनी. तिच्यात 1 जुलै 2023 ला चायनीज कॅनेडियन म्युझियम उघडलं. ही संस्था वेगळी, तिकीटही वेगळं. सेंटरला लागून डॉ. सन यत-सेन बाग आहे. चीनमधल्या सूचौहून आलेल्या कारागिरांनी ती बांधली आणि 1986 मध्ये ती खुली झाली. तिला तिकीट आहे, पण भिंतीपलीकडचं त्याच नावाचं उद्यान फुकट आहे. तळं तेच, फक्त कोन वेगळा. पाहुण्यांना घेऊन जाणार असाल तर काय बघायचंय ते आधी ठरवा. (तळ्यातल्या कोई माशांची चौकशी जपून करा. 2018 मध्ये एका पाणमांजरानं त्यातले बरेचसे फस्त केले.)

हे सेंटर इथेच का, हे कळलं की इथल्या लोकांशी बोलणं सोपं जातं. 1960 च्या दशकाच्या शेवटी शहराला चायनाटाउनमधून महामार्ग काढायचा होता. रहिवाशांनी तो रोखला. शेवटी फक्त जॉर्जिया आणि डन्समुइरचे उड्डाणपूल झाले, तेही शेजारच्या कृष्णवर्णीयांच्या होगन्स अ‍ॅलीवर. ही जागा आपली आहे, या त्या लढ्यातून आलेल्या जाणिवेवर 1973 मध्ये सेंटरची संस्था स्थापन झाली. त्यामुळे इथल्या ज्येष्ठांसाठी ते नाचगाण्याच्या हॉलपेक्षा बरंच जास्त आहे.

आपला धागाही त्यांच्या धाग्यात गुंतलेला आहे. सप्टेंबर 1907 मध्ये सीमेपलीकडे बेलिंगहॅमला हिंदी कामगारांना मारून हाकललं गेलं आणि काही दिवसांतच व्हँकुव्हरच्या जमावानं चिनी आणि जपानी वस्त्यांच्या काचा फोडल्या. 1923 च्या कायद्यानं चिनी लोकांना कॅनडाचं दार जवळजवळ बंद झालं, ते 1947 पर्यंत. दुसऱ्या महायुद्धात फोर्स 136 या ब्रिटिशांच्या गुप्त दलात गेलेल्या चिनी-कॅनेडियन तरुणांपैकी काहींचं जंगलयुद्धाचं प्रशिक्षण आपल्या पुण्याजवळ झालं. ब्रिटिश कोलंबियात चिनी आणि भारतीय वंशाच्या नागरिकांना मतदानाचा हक्क मिळाला तो एकाच वर्षी, 1947 मध्ये. कोलंबिया स्ट्रीटच्या इमारतीत चिनी-कॅनेडियन सैनिकांचं दालन आहे, तिथून सुरुवात करा.

सेंटरमध्ये भाषा, सुलेखन, चित्रकला, नृत्य, कुंग फू असे वर्ग चालतात. मुलाला ‘चायनीज’ला घालायचं म्हणून नाव नोंदवू नका. दोन गोष्टी विचारा: कँटोनीज की मँडरिन, आणि लिपी पारंपरिक की सोपी केलेली. चायनाटाउनच्या पाट्या पारंपरिक लिपीत आहेत आणि जुनी पिढी कँटोनीज किंवा तिच्या जवळची तोयसानीज बोलते. नवे स्थलांतरित बहुतांशी मँडरिन. शाळेतल्या चिनी मित्राशी बोलता यावं म्हणून कँटोनीज शिकवलंत आणि मित्र बीजिंगचा निघाला, तर वर्ष गेलं. तोंडओळखीपुरते दोन शब्द पुरे: कुणी काम करून दिलं, वाट दिली तर ‘म्-गॉय’, भेट दिली तर ‘दो-जे’. दोन्हींचा अर्थ आभारच, पण अदलाबदल केली की समोरचा हसतो.

स्थायिक होण्यासाठी मदत हवी असेल तर ते काम सेंटरचं नव्हे. त्यासाठी 28 वेस्ट पेंडरवर ‘सक्सेस’ ही संस्था आहे. तीही 1973 चीच, आणि सगळ्या देशांच्या लोकांना घेते. विमानतळावर नव्यानं येणाऱ्यांसाठी असलेला कक्षही तीच चालवते. सरकारी मोफत इंग्रजी वर्ग मात्र स्थायी निवासींसाठी (पीआर) आहेत. स्टडी किंवा वर्क परमिटवर मिळत नाहीत. आधी पातळी ठरवण्याची चाचणी होते, म्हणून पीआर कार्ड किंवा लँडिंगचा कागद बरोबर न्या. आई-बाबांना पीआर मिळालं असेल तर ही चाचणी लांबवू नका.

चिनी नववर्षाची मिरवणूक बहुधा नववर्षानंतरच्या रविवारी, सकाळी 11 च्या सुमारास पेंडरवर असते. त्यात चिनी नसलेली पथकंही चालतात. लेझीम पथक न्यायचं असेल तर बरेच महिने आधी आयोजकांना लिहा. चिनी घरी बोलावणं आलं तर पोरांना लाल पाकीट द्या. नोट नवी कोरी, रक्कम सम, पण चार आकडा नको, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो. आपली 51 किंवा 101 ची सवय इथे उलटी पडते. पांढरं पाकीट तर मुळीच नको, ते मयताला देतात. दोन्ही हातांनी द्या. कुणी तुम्हाला दिलं तर समोर उघडू नका.

आता ज्यासाठी बहुतेक जण पुन्हा येतात ते: भाजी. कीफर आणि गोर रस्त्यांच्या आसपासच्या दुकानांत नावं वेगळी, माल ओळखीचा. यिन चॉय म्हणजे माठ, ओंग चॉय म्हणजे नाळीची भाजी, सी ग्वा म्हणजे दोडका, दुंग ग्वा म्हणजे कोहळा. कारलं फिकट आणि गुळगुळीत असतं, आपल्यापेक्षा कमी कडू. भरल्या कारल्याला बरं, काचऱ्यांना पाणी फार. मोदकांची पिठी घेताना डोळे उघडे ठेवा. हत्तींच्या चित्राच्या थाई पिशवीवर लाल अक्षरं असतील तर साधी तांदळाची पिठी, हिरवी असतील तर चिकट तांदळाची. नुसत्या हिरवीची उकड काढलीत तर मोदक वाफेवर बसतात आणि दाताला चिकटतात. एका वाटी साध्या पिठीत चमचाभर हिरवी घातली तर मात्र पारी वळताना चिरत नाही.

शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नये. मुळ्याच्या वड्यांत सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं, परतलेल्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस असतो आणि पेस्ट्रीच्या पापुद्र्यात बरेचदा डुकराची चरबी. ‘सिक् जाय’ म्हणा, म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. त्यात कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे घरी चातुर्मास पाळणारं कुणी असेल तर त्यांचीही सोय होते.

गणपतीसाठी या भागातला एखादा हॉल घेणार असाल तर भाडं विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: कार्यक्रमाचा विमा किती लाखांचा लागतो, उघडी ज्योत चालते का, आणि आवरून किती वाजता चाव्या द्यायच्या. निरांजनाच्या आणि कापराच्या धुरानं अलार्म वाजला आणि अग्निशमनची गाडी आली तर तो खर्च भाडेकरूच्या माथी येऊ शकतो. बॅटरीचे दिवे आधीच आणून ठेवा.

जायचं तर दिवसाउजेडी जा. बरीच दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात. एक रस्ता उत्तरेला हेस्टिंग्ज आहे. तिथे बेघर आणि व्यसनात अडकलेली माणसं दिसतील. त्यांचे फोटो काढू नका. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा. आणि खिशात थोडी रोकड असू द्या, लहान बेकऱ्या अजूनही कार्ड घ्यायला कुरकुरतात.