माया-अॅझटेकचा अभ्यास सुरू करताना: आधी दगड, मग सिद्धांत

माया आणि अॅझटेक संस्कृतींकडे वळलेली मुलं मला बहुतेक वेळा 'एखादं सोपं पुस्तक सांगा' म्हणतात. मी पुस्तकाआधी एक दगड सांगते: टिकालचा ३१ क्रमांकाचा स्तंभ. एम.ए.च्या काळात मी आठवडेच्या आठवडे त्याची रेखाटनं समोर ठेवून बसले होते, आणि या विषयातलं सत्तांतर म्हणजे काय ते मला तिथेच पहिल्यांदा कळलं.

टिकाल हे ग्वाटेमालाच्या जंगलातलं माया शहर. इ.स. ४४५ साली तिथे हा स्तंभ उभा राहिला. दर्शनी बाजूला राजा सियाह चान काविल आहे, दागिन्यांनी मढलेला, जुन्या माया राजांच्या थाटात. आता दोन्ही कडा पाहा. तिथे त्याचे वडील याश नून अयीन दोनदा कोरलेत, पण वेश पार वेगळा. हातात भालाफेकीचं साधन, चौकोनी ढाल, ढालीवर गोल डोळ्यांचा पर्जन्यदेव. हा पोशाख सुमारे हजार किलोमीटरवरच्या, आजच्या मेक्सिको सिटीजवळच्या तेओतिवाकानच्या योद्ध्यांचा.

कारण पाठीवरच्या लेखात सापडतं. १६ जानेवारी ३७८ रोजी सियाह काक नावाचा सरदार टिकालला पोचला, त्याच दिवशी तिथला राजा मरण पावला आणि पुढच्या वर्षी याश नून अयीन गादीवर बसला. म्हणजे बापाला गादी मिळाली ती बाहेरच्या बळावर. मुलाला मात्र आपण इथल्याच जुन्या राजांचे वारस आहोत हे ठसवायचंय. ही उघड स्वारी होती की घराण्यांतलं राजकारण, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. त्या वादात शिरण्यापूर्वी दगड नजरेखालून घाला. ताम्रपटातली वंशावळ वाचताना 'हे कोणी, कधी आणि कशासाठी कोरून घेतलं' असं विचारायची सवय आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना असते. इथे तीच कामी येते.

या लेखांत राजांचा इतिहास आहे हेसुद्धा फार उशिरा उमगलं. बराच काळ अभ्यासकांना त्यांत फक्त पंचांग आणि ग्रहगती दिसत होती. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह यांनी माया लिपीतली अक्षरचिन्हं उलगडायची वाट दाखवली. १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी पिएद्रास नेग्रास या माया शहरातल्या तारखांचे गट लावले, तेव्हा त्या एकेका माणसाच्या आयुष्यात बसतात हे लक्षात आलं: जन्म, राज्यारोहण, पुढच्याचं राज्यारोहण. म्हणून या क्षेत्रात नव्या माणसाला अजून भरपूर काम आहे.

दोन्ही संस्कृती एका दमात मात्र घेऊ नका. टिकालचा शेवटचा तारखेचा स्तंभ ८६९ सालचा; अॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान परंपरेनुसार १३२५ ची. मध्ये साडेचार शतकं जातात. साधनंही वेगळी. अॅझटेकांसाठी मुख्य भिस्त स्पॅनिश विजयानंतर तयार झालेल्या हस्तलिखितांवर आहे, त्यामुळे वाचण्यापुरती तरी स्पॅनिश शिकून घ्याच. जमल्यास अॅझटेकांची भाषा नाहुआत्लही.

अॅझटेकांकडे शिरायला १४२८ हे वर्ष धरा. त्या वर्षी तेनोच्तित्लानचा राजा इत्सकोआत्लने शेजारच्या तेश्कोको शहराच्या नेसावालकोयोत्लला बरोबर घेऊन तोवर वरचढ असलेल्या अस्कापोत्सालको शहराची सत्ता मोडली आणि त्लाकोपान या तिसऱ्या शहरासह तिघांची युती उभी राहिली. कालपर्यंत खंडणी भरणारे आता खंडणी घेऊ लागले. सहागून या स्पॅनिश धर्मगुरूने स्थानिक वृद्धांकडून आणि लेखकांकडून गोळा केलेल्या बारा भागांच्या फ्लोरेन्टाइन कोडेक्स या सचित्र हस्तलिखितामध्ये, दहाव्या भागात, एक नोंद आहे: इत्सकोआत्लच्या काळात जुन्या चित्रपोथ्या जाळल्या गेल्या. मला ही नोंद सगळ्यात मोलाची वाटते. यापुढे मेशिका, म्हणजे तेनोच्तित्लानच्या अॅझटेक, लोकांच्या भटकंतीची, त्यांच्या देवाने दिलेल्या वचनाची गोष्ट वाचाल तेव्हा ती विजेत्यांनी निवडून ठेवलेली आहे हे विसरू नका. हा कोडेक्स आता इंटरनेटवर फुकट पाहता येतो. चित्रं आणि मजकूर शेजारी ठेवून वाचा, कारण दोन्ही दर वेळी एकच सांगत नाहीत.

'माया नाहीसे का झाले' हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी तो आधी दुरुस्त करायला सांगते. नवव्या शतकात दक्षिणेकडची राजघराणी कोसळली. त्यामागे दुष्काळ, युद्धं आणि राजांवरचा उडालेला विश्वास हे सगळं गुंतलेलं आहे, एकच कारण पुरत नाही. उत्तरेला चिचेन इत्सा त्यानंतरही भरभराटीला आलं. शेवटचं माया राज्य, नोहपेतेन, स्पॅनिशांच्या हाती पडलं ते १६९७ मध्ये. माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही तिथेच राहतात.

३१ क्रमांकाचा स्तंभ झाला की कोपान या माया शहरातली 'क्यू' वेदी घ्या. ती ७७६ सालची, चारी बाजूंना मिळून सोळा राजे बसलेले. पहिला राजा याश कुक मो सोळाव्याकडे राजदंड देतोय, आणि त्याच्या डोळ्यांवर तेओतिवाकानच्या पर्जन्यदेवासारखी गोल वलयं आहेत. तोवर तेओतिवाकानचा दबदबा संपून दोन शतकं होत आली होती. तरी कोपानच्या राजाला ती वलयं का कोरून घ्यावीशी वाटली, यावर पानभर लिहून काढा आणि मगच सिद्धांतांची पुस्तकं उघडा.