उपकारांची वही: कशी लिहायची, कुठे अडतं

देवाचं औदार्य रोजचंच असतं, म्हणूनच ते नजरेतून सुटतं. बायबलमधल्या मत्तय 5:45 या वचनात प्रभू येशूने दाखला दिला तो ऊन आणि पावसाचा. भल्याबुऱ्या सगळ्यांच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टींचा. त्याकडे लक्ष जायला डोळ्यांना वळण लावावं लागतं. त्यासाठी एक साधी वही पुरते.

रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं काढा. दोन मिनिटं शांत बसून दिवस सकाळपासून क्रमाने आठवा, मग तीन नोंदी लिहा. तीनच. दहा लिहायचं ठरवलं की चार दिवसांत नुसती पानं भरणं सुरू होतं. चुकांची उजळणी त्यानंतर. संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी घालून दिलेल्या आत्मपरीक्षणातही आधी उपकारांबद्दल आभार आहेत, मग चुका. क्रम उलटला तर मन खट्टू होतं आणि आभार राहूनच जातात.

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात: काय मिळालं, कोणाच्या हातून मिळालं, त्यात माझं स्वतःचं किती.

‘काय मिळालं’ हे बारीक लिहा. ‘आरोग्याबद्दल धन्यवाद’ ही नोंद आठवड्याभरात निर्जीव होते. ‘आज जिना चढताना गुडघा दुखला नाही’ ही होत नाही, कारण ती फक्त आजची आहे.

‘कोणाच्या हातून’ इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त सापडतं ते इथेच. समोरचा भाकरीचा तुकडा घ्या. भाजणारा, दळणारा, धान्य वाहून आणणारा, पेरणारा, असे मागे मागे जात राहा. शेवटी ज्या ठिकाणी पोहोचता तिथे माणसाचा हात नसतो. मार्क 4:27 मधला शेतकरी बी टाकून झोपतो, उठतो. बी उगवतं, कसं ते त्याला कळत नाही. साखळी तिथपर्यंत नेली की ‘देवाने दिलं’ हे शब्द पोकळ वाटत नाहीत, आणि मधली माणसंही विसरली जात नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाला ‘माझं काहीच नाही’ असं खोट्या नम्रतेचं उत्तर नको. कष्ट केले असतील तर तसं लिहा. बायबलच्या अनुवाद या पुस्तकातलं 8:18 हे वचन कष्ट नाकारत नाही. कमावण्याची ताकद परमेश्वराने दिली, एवढंच आठवायला सांगतं.

वही बिघडते ती बहुधा तुलनेने. ‘त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे आहे’ हे आभार नव्हेत. लूक 18 मधला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) अशीच प्रार्थना करत होता. उलट बाजूही तितकीच घातक. मत्तय 20 मधल्या दिवसभर राबलेल्या मजुरांना ठरलेला एक दीनार (त्या काळचं नाणं) पूर्ण मिळाला होता, कुणाचं काही कापलं नव्हतं. कुरकुर सुरू झाली ती तासभर राबलेल्यांच्या हातात तेवढाच दीनार दिसल्यावर. म्हणून नोंदीत दुसऱ्याचं ताट येऊ देऊ नका.

दुःखाच्या दिवशी ओढूनताणून धन्यवाद लिहू नका. 1 थेस्सलनीकाकर 5:18 सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतं. दुखण्याबद्दल, मरणाबद्दल आभार माना असं ते म्हणत नाही. अशा रात्री स्तोत्र 13 हाताशी ठेवा. जेमतेम सहा वचनं. सुरुवातीलाच चार वेळा ‘कुठवर?’ असा टाहो आहे, आणि शेवट परमेश्वराच्या उपकारांवर होतो. तुम्हाला त्या रात्री फक्त टाहोपर्यंतच जाता आलं, तरी तेवढंच लिहा.

दिवस चुकला तर मागचं भरून काढू नका. रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न म्हणजे मान्ना. तो रोजचा रोज गोळा करायचा होता. सकाळपर्यंत ठेवला त्यात किडे पडले (निर्गम 16). आठवून आठवून रचलेल्या नोंदींचंही तसंच होतं.

रविवारी आठवड्याच्या एकवीस नोंदी वाचा आणि पुन्हा पुन्हा आलेल्या नावांखाली रेघ ओढा. त्यातल्या एकाला नेमक्या शब्दांत सांगा: ‘मंगळवारी तुम्ही थांबलात, म्हणून माझं काम झालं.’ दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला परत आला एकच (लूक 17). मग त्याच जातीचं काहीतरी पुढे द्या: वेळ मिळाला असेल तर वेळ, धीर मिळाला असेल तर धीर. आपण दिलेलं मात्र या वहीत लिहू नका. मत्तय 6:3 प्रमाणे ते डाव्या हातालाही कळू द्यायचं नाही, आणि एकदा ते लिहिलं की वहीची खातेवही होते.